आग नसताना पगार कोणाला?

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात घरं पेटलेली असताना एका बड्या गुंतवणूकदाराने समाजमाध्यमावर विचारलं, खासगी अग्निशामक कोणाकडे आहेत का, लागतील तेवढे पैसे देतो. त्याच भागातलं एक आलिशान खरेदी-संकुल मालकाने बोलावलेल्या खासगी तुकड्यांमुळे आणि पाण्याच्या टँकरांमुळे वाचलं. आजूबाजूच्या गल्ल्यांची राख झाली. तेव्हापासून सुरू झालेला वाद अजून शमलेला नाही. एक बाजू म्हणते, सरकारी यंत्रणा नापास झाली, आता हे काम कंपन्यांकडे सोपवा. दुसरी म्हणते, श्रीमंतांनी आता आगीपासूनची सुटकाही विकत घेतली, खासगी तुकड्यांवर बंदीच घाला. कॅलिफोर्नियात मुलं-नातवंडं असलेल्या मराठी घरांतही हा विषय निघाला की हेच दोन सूर ऐकू येतात.

दोन्ही बाजू भांडतात ती पाण्याचा पाईप कोणाच्या हातात असावा यावर. माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी पेटला आहे. वणव्याशी लढण्याचं मुख्य काम वर्षभर पगारावर असलेल्या सरकारी दलाकडेच राहिलं पाहिजे, आणि ठेकेदार त्या दलाच्या हाताखाली, त्याच्या जोडीला असावेत. याचं कारण सरकारी माणूस जास्त शूर किंवा जास्त प्रामाणिक असतो, असं मुळीच नाही. वणव्याचं मोठं काम आग नसतानाच्या दिवसांत असतं आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते आग लागल्यावर, एवढं साधं कारण आहे.

वणवा म्हटलं की आपल्याला विमानातून सांडणारं लाल रसायन आठवतं. प्रत्यक्षात डोंगरातली आग आवरली जाते ती जमिनीवरच्या माणसांच्या हातांनी. वीस जणांची तुकडी एका रांगेत चालते. पुढचे यांत्रिक करवतीने झुडपं कापत जातात, मागचे पुलास्कीने जमीन खरवडत येतात. पुलास्की म्हणजे एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं असलेलं हत्यार. पालापाचोळा, मुळं, काटक्या सगळं काढत खालची निव्वळ माती उघडी पाडायची, म्हणजे आगीला पुढे खायला काही उरत नाही. आपल्याकडे उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, त्याच जातीचं हे काम; फक्त इथे आग समोर उभी असते. ज्वाळा दिसेनाशा झाल्या की दुसरा, कंटाळवाणा भाग सुरू होतो. राखेतून दिवसेंदिवस फिरायचं, हातमोजा काढून हाताची मागची बाजू मातीजवळ न्यायची, ऊब जाणवली की खणायचं, पाणी घालून ढवळायचं आणि पुन्हा हात लावून बघायचा. जमिनीखालचं मूळ कित्येक दिवस धुमसत राहू शकतं. पॅलिसेड्सची आग ७ जानेवारीला भडकली. सरकारी वकिलांचं म्हणणं असं की, १ जानेवारीला त्याच डोंगरावर लागलेली आणि विझली असं समजून सोडून दिलेली छोटी आग जमिनीखाली जिवंत राहिली होती. सोसाट्याचा वारा सुटला आणि तीच वर आली.

इथेच खासगीकरणवाले म्हणतील, ती जागा सोडून गेलं ते शहराचं सरकारी दलच ना? खरं आहे, आणि त्यांच्या बाजूचा हा एकच मुद्दा नाही. पॅलिसेड्समधला ११ कोटी ७० लाख गॅलनचा जलाशय त्या दिवशी रिकामा होता, कारण त्याच्या आच्छादनाची दुरुस्ती महिनोन्‌महिने रखडली होती. डोंगरावरच्या नळांना पाणी पुरवणाऱ्या दहा-दहा लाख गॅलनच्या तीन टाक्या रात्रीतच आटल्या. त्याच रात्री लॉस एंजेलिसच्या पलीकडच्या बाजूला लागलेल्या दुसऱ्या वणव्यात अल्टाडीना या वस्तीच्या पश्चिम भागाला घरं सोडण्याचा आदेश मिळाला तो आग लागल्यानंतर कित्येक तासांनी, पहाटे, आणि त्या आगीतले जवळपास सगळे मृत्यू त्याच भागात झाले. इतकी माणसं गेल्यावर 'सरकारवर विश्वास ठेवा' असं कोणी कोणत्या तोंडाने म्हणावं?

तरीही ही अपयशं नीट पाहिली, तर त्यांतलं कोणतं अपयश ठेकेदार आणून टळलं असतं? जलाशयाची दुरुस्ती वेळेत करणं हे उन्हाळ्याआधीचं काम. घरं सोडण्याचा आदेश कोणी द्यायचा, कोणत्या गल्लीपासून द्यायचा, हे आगीच्या रात्री सुचत नसतं. ते आधी ठरवून, घोकून ठेवावं लागतं. विझलेल्या डोंगरावर आणखी चार दिवस माणसं ठेवायची की नाही, हा निर्णय हुकूम देणाऱ्याचा असतो, मग हाताखाली पगारी जवान असोत वा रोजावर आलेली कंपनी. (अमेरिकेत राखेत हात घालून ऊब शोधण्याचं काम बऱ्याच वेळा ठेकेदारांच्या तुकड्यांनाच देतात आणि ते लोक ते चांगलं करतात.) लॉस एंजेलिसमध्ये आग भडकल्यावर लढणारे हात कमी पडलेच, पण त्याहून जास्त नुकसान झालं ते आग नसताना जे करायचं होतं ते न केल्यामुळे.

खासगीकरणाच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार युक्तिवाद हिशेबाचा आहे. वणवा हंगामी असतो, मग चार-पाच महिन्यांच्या कामासाठी माणसं बारा महिने कशाला पोसायची? गरज पडली की बोलवा, रोजाचे पैसे द्या, काम संपलं की निरोप द्या. ऐकायला बिनतोड वाटतं. पण हा हंगाम आता आहे कुठे? लॉस एंजेलिस जळलं जानेवारीत. कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज हे गाव जळलं नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि ८५ माणसं गेली. आणि हंगाम खरोखर चार महिन्यांचा असता तरी उरलेले आठ महिने हात बांधून बसण्याचे नसतात. दाट वाढलेली झुडपं विरळ करायची, ओलसर दिवस बघून ठरवून, आखून छोट्या आगी लावायच्या म्हणजे मोठ्या आगीचं खाद्य कमी होतं, वस्तीभोवतीचे पट्टे मोकळे करायचे, नव्यांना शिकवायचं. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. गरज पडली की बोलवा हे धोरण म्हणजे दरवर्षी नव्याने विहीर खणण्याचं कंत्राट.

अमेरिकेच्या वनखात्याच्या जमाखर्चात हे उघड दिसतं. १९९५ साली त्याच्या अंदाजपत्रकातला १६ टक्के पैसा वणव्यांवर जात असे. २०१५ साली हा वाटा निम्म्याच्या वर गेला. आग लागली की विझवण्यासाठी पैसा मिळतोच, त्याला कोण नाही म्हणणार? कात्री लागते ती विरळणीला, रस्त्यांना, जंगलाच्या निगराणीला. पुढे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २०१८ मध्ये विझवण्याच्या खर्चासाठी वेगळी तरतूद केली, कारण आग विझवता विझवता पुढची आग टाळण्याचा पैसाच संपत होता. अशा व्यवस्थेत जितके जास्त हात रोजाच्या कंत्राटावर जातील तितका जास्त पैसा आगीच्या दिवसांकडे ओढला जाईल. यात ठेकेदाराचा लोभ शोधायची गरज नाही. त्याने कर्ज काढून ट्रक आणि पंप घेतलेले असतात. हंगाम ओला गेला, आगी लागल्या नाहीत, तर त्याचे हप्ते थकतात आणि चांगली माणसं दुसरीकडे जातात. बिचारा वाईट माणूस नसतो. पण जंगल जळलं नाही तर ज्याची पोरंबाळं सुखी राहतील असा माणूस त्या कंपनीत एकही उरत नाही.

यावर ओरेगॉनमधले लोक म्हणतात, आमच्या कंपन्या हिवाळ्यात रोपं लावतात, विरळणी करतात, म्हणजे त्याही वर्षभर कामावर असतात. हे खरं आहे आणि मला हे प्रारूप आवडतं. मग सरकारने अशा कंपनीला एखाद्या जंगलाचं पाच-दहा वर्षांचं सलग काम द्यावं, प्रशिक्षणाचे पैसे द्यावेत, आग नसेल तेव्हाही ठरलेली रक्कम द्यावी. पण मग ते स्वस्त कुठे राहिलं? ज्या बचतीच्या आशेने खासगीकरण मागितलं जातं, ती बचत नेमकी माणसांना रिकाम्या महिन्यांत घरी पाठवण्यातूनच येते.

ठेकेदारांना पुरता विरोध करणाऱ्यांनाही मला एक गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेच्या वनखात्यासाठी वणव्यावर रसायन टाकणारी मोठी विमानं आज कित्येक दशकं खासगी कंपन्यांचीच आहेत. कॅलिफोर्नियाच्या राज्य दलाकडे, कॅल फायरकडे, विमानं स्वतःची आहेत, पण ती उडवणारे वैमानिक आणि दुरुस्ती करणारे मेकॅनिक ठेकेदाराकडचे, आणि ही व्यवस्था उत्तम चालते. तेव्हा खासगी म्हणजे वाईट, हे म्हणणं टिकत नाही. मात्र देखरेख ढिली पडली की काय होतं, हेही याच विमानांनी दाखवलं. १७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियात वॉकर गावाजवळ १९५० च्या दशकातलं एक सी-१३० विमान रसायन टाकता टाकता हवेतच मोडलं, दोन्ही पंख निखळले. महिनाभराने कोलोरॅडोत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक विमान तसंच पंख तुटून पडलं. दोन्ही अपघातांत मिळून पाच जण गेले. दोन्ही विमानं एकाच ठेकेदार कंपनीची. ती उडण्याच्या लायकीची आहेत की नाहीत हे बघण्याची जबाबदारी नक्की कोणाची, याची स्पष्टता वनखातं आणि हवाई वाहतूक नियामक यांच्यात नव्हती. २००४ मध्ये ३३ मोठ्या विमानांची कंत्राटं सरकारला रद्द करावी लागली.

त्याहून मन विषण्ण करणारी घटना ५ ऑगस्ट २००८ ची. उत्तर कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर दिवसभर राबलेल्या तुकडीला न्यायला हेलिकॉप्टर आलं, भरलं, उचललं गेलं आणि झाडांना धडकून कोसळलं. नऊ माणसं गेली. त्यांतले सात जण एका ठेकेदार कंपनीचे अग्निशामक होते, बहुतेक कोवळी पोरं. चौकशीत निघालं की हेलिकॉप्टर पुरवणाऱ्या दुसऱ्या ठेकेदार कंपनीने त्याचं रिकामं वजन कागदावर मुद्दाम कमी दाखवलं होतं आणि इंजिनाच्या ताकदीचा तक्ताही बदललेला होता. हेलिकॉप्टर जास्त भार उचलू शकतं असं दिसलं की कंत्राट मिळतं, म्हणून. त्या कंपनीच्या एका माजी उपाध्यक्षाला पुढे बारा वर्षांहून अधिक कैद झाली. चौकशी अहवालाने वनखात्यालाही सोडलं नाही: देखरेख अपुरी होती, असं स्पष्ट लिहिलं. मला या घटनेतून दोन गोष्टी दिसतात. एक, धाडस कोणत्याही खात्याची मक्तेदारी नाही; ते सात जण कोणत्याही सरकारी जवानाइतकेच शूर होते. दुसरी, कंपनीचा कागद तपासून, हे वजन बरोबर नाही असं म्हणू शकणारा जाणकार माणूस सरकारकडे असावाच लागतो, आणि तो माणूस स्वतः कधी त्या डोंगरावर गेलेला नसेल तर त्याला ते कळणार कसं? सरकारने सगळंच काम बाहेर दिलं की पंचवीस वर्षांनी तपासणारे डोळेही बाहेरूनच आणावे लागतात.

हा प्रयोग पूर्वी झालेला आहे, तोही खासगी उद्योगाचं माहेरघर मानलेल्या शहरात. १६६६ च्या महाआगीनंतर लंडनमध्ये अग्निविमा निघाला आणि विमा कंपन्यांनी आपापली दलं उभी केली. विमा उतरवलेल्या घरावर कंपनीची धातूची पट्टी ठोकलेली असे. पट्टी नसलेली घरं ही दलं खुशाल जळू देत, अशी कथा सरकारी दलाचे समर्थक नेहमी सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही आणि आपली बाजू मांडायला तिची गरजही नाही. खरी कहाणी जास्त बोलकी आहे. शेजारचं विमा नसलेलं घर पेटलं तर आपलंही जाणार, हे कंपन्यांना लवकरच कळलं. १८३३ मध्ये दहा कंपन्यांनी दलं एकत्र करून जेम्स ब्रेडवुड या कुशल अधिकाऱ्याच्या हाती दिली. जून १८६१ मध्ये टूली स्ट्रीटवरची गोदामं पेटली, भिंत अंगावर पडून ब्रेडवुड गेला, कंपन्यांना अफाट भरपाई द्यावी लागली. मग कंपन्यांनीच सरकारला सांगितलं की सगळ्या शहराच्या रक्षणाचा भार आम्हाला पेलणार नाही, हे काम तुम्ही घ्या. १८६५ मध्ये कायदा झाला आणि लंडनला सार्वजनिक अग्निशमन दल मिळालं. दलं काढून घ्या असा हट्ट कोणा समाजवाद्याने धरला नव्हता. आग विमापत्र वाचून पसरत नाही, हे नफ्याचा हिशेब करणाऱ्यांनाच आधी उमगलं होतं.

तोच धडा अमेरिकेतल्या ग्रामीण टेनेसीत २०१० मध्ये पुन्हा मिळाला. तिथे एका छोट्या शहराचं दल आसपासच्या वस्तीला वर्षाला ७५ डॉलर वर्गणीवर सेवा देत असे. एका कुटुंबाची वर्गणी भरायची राहिली होती आणि त्यांचं घर पेटलं. बंब आला तो आग शेजाऱ्याच्या हद्दीत पोचल्यावर, कारण शेजाऱ्याने वर्गणी भरलेली होती. जवानांनी शेजाऱ्याच्या बाजूला पाणी मारलं; पेटलेलं घर त्यांच्या डोळ्यांदेखत जळून गेलं. लक्षात घ्या, ते दल सरकारी होतं. म्हणजे सरकारी पाटी लावली की भागलं, असंही नाही. ग्राहक आणि नागरिक यांतला फरक एकदा पुसला की गणवेश कोणाचा आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

श्रीमंतांच्या खासगी तुकड्यांबद्दल म्हणतात की त्यांचं घर त्यांनी सांभाळलं तर एक सरकारी बंब दुसऱ्यासाठी मोकळा होतो. काही बाबतींत हे पटण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या काही विमा कंपन्या गेली वीस वर्षं ग्राहकांच्या घरी माणसं पाठवतात. ती माणसं पन्हाळी साफ करतात, झरोक्यांवर जाळ्या बसवतात, भिंतींवर आगरोधक जेल फवारतात आणि बहुतेकदा आग पोचण्याआधी निघून जातात. यात गैर काय? कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये कायदा करून अशा तुकड्यांना आगीवरच्या सरकारी प्रमुखांशी ताळमेळ ठेवायला लावलं, तेही योग्यच झालं. माझी भीती वेगळी आहे. आपल्याकडे ज्यांच्या तक्रारीची दखल घेतली जाते ते लोक आधी सरकारी शाळेतून बाहेर पडले, मग सरकारी दवाखान्यातून, मग नळाच्या पाण्यातून. त्यांची सोय झाली. पण मागे उरलेल्या शाळेच्या गळक्या छतासाठी नगरपालिकेत जाऊन आवाज चढवणारं कोणी राहिलं नाही. पॅलिसेड्समधल्या बंगलेवाल्यांकडे स्वतःचे टँकर आले, तर रिकाम्या जलाशयाचा जाब विचारायला पुढच्या वेळी कोण येईल?

आणि ऐनवेळी रोजावर माणसं गोळा करून वणव्यावर धाडण्याचा प्रयोगही नवा नाही. ऑगस्ट १९१० मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो आणि मोंटाना भागात दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळलं. वनखातं नवखं, माणसं तुटपुंजी. म्हणून खाणीतले, रेल्वेतले, गुत्त्यांतले मजूर ताशी २५ सेंटवर भरती केले. ७८ अग्निशामक मेले, त्यांतले बहुतेक हेच. एड पुलास्की नावाच्या रेंजरने चाळिसेक जणांना जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंडून वाचवलं. वरचं हत्यार त्याच्याच नावाचं. तो वाचवू शकला, कारण तो डोंगर आणि तो बोगदा त्याला आधीपासून ठाऊक होता. मजुरांना ती वाटही ठाऊक नव्हती.

आपल्यालाही हे परकं नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात आणि त्यासाठी हंगामी मजूर घेतले जातात. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना असे तीन मजूर गेले. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी गेलेल्या ६६ जवानांसाठी देश दरवर्षी अग्निशमन सेवा दिन पाळतो, आणि पाळायलाच हवा. नागझिऱ्याच्या त्या तिघांची आठवण कोणत्या दिवशी काढतात? विदर्भातल्या कित्येक आगी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळण्यातून लागतात. त्या थांबवायच्या तर कोणत्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, कोणाची मोहाची झाडं आहेत हे ठाऊक असलेला, जानेवारीत घरोघरी जाऊन बोलणारा माणूस हवा. फेब्रुवारीत कामावर घेऊन जूनमध्ये घरी पाठवलेल्या माणसाकडून ही अपेक्षा कशी करायची?

तेव्हा अमेरिकेत मागायचं ते हे, आणि आपल्याकडेही थोड्याफार फरकाने हेच. वणव्याच्या दलात वर्षभराच्या पगारी जागा वाढवा; २०२१ पर्यंत अमेरिकेचं केंद्र सरकार आपल्या नवख्या जवानांना ताशी १३ डॉलरच्या आसपास देत होतं, त्यानंतर दिलेली तात्पुरती पगारवाढ कायम करायला काँग्रेसला २०२५ उजाडावं लागलं. ठेकेदार घ्यायचे तर लांब मुदतीवर, त्याच जंगलासाठी, सरकारी जवानाइतकंच प्रशिक्षण आणि जखमी झाल्यास तितकीच भरपाई कंत्राटात लिहून. विमानाचं वजन कंपनीच्या कागदावरून न घेता सरकारी माणसाने काट्यावर करून घ्यावं. खासगी मालकाची तुकडी आगीच्या हद्दीत शिरण्याआधी तिची नोंद त्या आगीच्या प्रमुखाकडे असावी आणि सार्वजनिक नळाला पाईप जोडायचा तर त्याची परवानगी लागावी. आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात विझवण्याच्या रकमेशेजारीच विरळणीची आणि आखून लावलेल्या आगींची रक्कम छापावी, म्हणजे गेल्या वर्षी कुठल्या डोंगरावर काय करायचं राहून गेलं, ते विचारता येईल.